कोड्याचा परवाना

वाचनालयाच्या दिवाळी शब्दकोड्याला वीस रुपये प्रवेश फी ठेवावी, असं मीच सुचवलं होतं. हिशोब सरळ होता. दोनशे माणसं आली तर चार हजार जमतात, त्यातले अडीच हजार बक्षिसाला, उरलेल्यात बालविभागाची दोन कपाटं रंगवून होतात. कोडं मी करणार, अर्ज माझ्याच छापखान्यात निघणार, म्हणजे खर्च कागदाचा. समितीनं माना डोलावल्या. एकटा आमचा वकील चहाच्या कपात बघत गप्प बसला. शाळेपासूनचा मित्र आहे. तो गप्प बसला की माझ्या पोटात गोळा येतो.

बाहेर पडल्यावर म्हणाला, "परवाना काढलास का?"

"कशाचा?"

"कोड्याचा."

मला वाटलं चेष्टा करतोय. गेली एकोणीस वर्षं मी आमच्या धर्माबादेतल्या एका साप्ताहिकाला कोडी पुरवतोय. आडवे-उभे, काळी-पांढरी घरं. परवाना लागतो तो बंदुकीला, दारूच्या दुकानाला, फार तर तमाशाच्या फडाला. कोड्याला?

दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक कायदा छापून आणून दिला (माझ्याच दुकानातून, पैसे न देता). १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा. संसदेचा. आणि त्याच्या व्याख्येतच पहिलं नाव कोणाचं, तर शब्दकोड्याचं. पुढे गाळलेला शब्द ओळखा, चित्र ओळखा वगैरे येतात, पण मानाचा पाट कोड्याला. अक्षरं, शब्द किंवा आकडे जुळवून, मांडून सोडवायचं कुठलंही कोडं आणि त्याला बक्षीस, की झाली बक्षीस स्पर्धा. महिन्याला एकूण हजार रुपयांवर बक्षीस ठेवायचं नाही. एका स्पर्धेत दोन हजारांवर प्रवेशिका घ्यायच्या नाहीत. आणि या मर्यादेतली स्पर्धासुद्धा राज्य सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याचा परवाना काढूनच घ्यायची, हिशोब ठेवायचे, मागतील तेव्हा दाखवायचे. मोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हजार रुपये. सत्तर वर्षं झाली, आकडा तोच. तेव्हा माझ्या वडिलांचा पगार नव्वद रुपये होता, म्हणजे अकरा महिन्यांची कमाई. आज हजारात दोन जाड कादंबऱ्या येतात, त्याही सवलतीत.

वडिलांचं नाव निघालंच आहे तर ते आधी सांगतो.

बाबा रेल्वेत बुकिंग क्लार्क होते, इथेच, धर्माबाद स्टेशनला. इंग्रजी चांगलं होतं आणि रात्रपाळीत वेळ भरपूर. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा नोकरीच्या कागदांखाली एक जाडजूड पुडकं निघालं. पोस्टल ऑर्डरींच्या पावत्या, १९५३, ५४, ५५ सालच्या, आणि कापून ठेवलेली कोडी. कसरीनं वरची नावं खाल्ली होती, त्यामुळे पैसे कोणाला गेले ते कळत नाही. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "तेवढ्यात माझ्या पाटल्या झाल्या असत्या."

मला त्या वेळी प्रश्न पडला की एकाच कोड्याच्या इतक्या प्रवेशिका कशाला? एका तारखेच्या चौसष्ट पावत्या होत्या. बाबांना काय उत्तर येत नव्हतं म्हणून चौसष्टदा प्रयत्न केला? उत्तर मला स्वतः कोडी करायला लागल्यावर सापडलं. तुम्हालाही दाखवतो.

दोन अक्षरी शब्द आहे. दुसरं अक्षर 'न', ते उभ्या शब्दातून पक्कं झालंय. पहिल्या घरातून दुसरा कुठलाच शब्द जात नाही. क्लू असा: 'ज्याच्याकडे हे, तोच खरा श्रीमंत.' आता सांगा, धन की मन? दोन्ही बसतात. दोन्हींची बाजू मांडता येते. कोडंकाराच्या मनात काय होतं, तेच बरोबर. अशी सहा घरं कोड्यात पेरली की दोनाचे चार, चाराचे आठ करत चौसष्ट वेगवेगळी उत्तरं तयार होतात आणि बक्षीस त्यातल्या एकालाच. दहा घरं पेरली की एक हजार चोवीस. चार आणे प्रवेशिका धरली तर सगळी उत्तरं पाठवायला दोनशे छप्पन्न रुपये लागतात. बाबांना सहा घरांपर्यंतच परवडत होतं.

हे दिसायला शब्दांचं ज्ञान, आतून नाणेफेक. त्या काळात या धंद्यानं देशभर धुमाकूळ घातला होता. मुंबई राज्यानं १९४८ सालीच लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर परवाना आणि कर बसवणारा कायदा केला होता. मग स्पर्धावाल्यांनी काय करावं? राज्याबाहेर छापावं आणि मुंबईत विकावं. बंगळुरूत छापलेल्या 'स्पोर्टिंग स्टार' नावाच्या पत्रात आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स यायची, आणि ते मुंबई राज्यात जोरात खपायचं. १९५२ साली मुंबईनं कायद्यात दुरुस्ती केली, बाहेर छापलेलीही कक्षेत घेतली. ही कोडी चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला कोर्टात गेले. आम्ही दुसऱ्या राज्यातले, आमचा धंदा आंतरराज्य व्यापार, मुंबईनं हात लावायचा नाही, हा त्यांचा एक मुद्दा. सर्व्हर परदेशात आहे असं आजचे ॲपवाले सांगतात तेव्हा मला हटकून बंगळुरूचा तो छापखाना आठवतो.

९ एप्रिल १९५७ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास. वकिलानं मला तो निकाल वाचायला दिला आणि मी सबंध रविवार त्यात घालवला, जेवण थंड झालं. कायद्याचा निकाल असा असतो हे मला माहीत नव्हतं. जुगाराची चर्चा ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून सुरू, मग पांडवांनी घालवलेलं राज्य, मग मनू, याज्ञवल्क्य, बृहस्पती. मनूनं जुगार सरसकट बंद म्हटलं, इतरांनी राजाच्या देखरेखीखाली आणि राजाला वाटा देऊन चालू द्यावा म्हटलं. कौटिल्य तर व्यवहारी माणूस, त्याला त्यातून खजिन्यात चार पैसे आलेले वावडे नव्हते. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे, जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच घेणारा. म्हणजे बंदी, परवाना आणि कर, या तीन गोष्टींवरचं भांडण आपल्याकडे दोन हजार वर्षं चालू आहे, आणि आजही अधिवेशनात तेच तीन पक्ष उभे राहतात.

निकाल चमारबागवालांच्या विरोधात गेला. जुगार हा धंदाच नव्हे, म्हणून धंद्याच्या स्वातंत्र्याचं कवच त्याला मिळत नाही, हा त्याचा गाभा. आणि जुगार विषयात कायदा करायचा अधिकार घटनेनं राज्यांना दिला आहे. त्याच दिवशी दुसराही निकाल लागला, तो १९५५ च्या कायद्याबद्दलचा. त्यात न्यायालयानं एक बारीक वाट मोकळी ठेवली. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे, तिला हा कायदा लागू होत नाही. हजाराची मर्यादा नाही, परवाना नाही, काही नाही.

ही वाट पुढे हमरस्ता झाली. १९६७ च्या सुमारास रमीला तिच्यावरून जाऊ दिलं, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींना. मग २०१७ मध्ये पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयानं आणि ३० एप्रिल २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयानं ड्रीम११ या ॲपच्या फँटसी क्रिकेटला, म्हणजे खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून कागदावरची टीम लावायच्या खेळाला. खेळाडू निवडायला अभ्यास लागतो, एका सामन्याच्या निकालाशी त्याचा संबंध नाही, सबब कौशल्य.

"मग माझं कोडं कौशल्याचंच की," मी म्हणालो.

"असेल. पण ते ठरवणार कोण? तू?"

तरीही मी परवान्यासाठी एका सरकारी कार्यालयात गेलो. हे मी हौसेनं केलं, कबूल करतो. खिडकीमागच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "ऑर्केस्ट्रा आहे का?" नाही म्हटलं. "मंडप?" नाही. "लाउडस्पीकर?" नाही. "मग कशाचा परवाना?" मी म्हटलं, शब्दकोड्याचा. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बघितलं, त्या टेबलानं पंख्याकडे. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही कोडं घ्या ना, कोण अडवतंय." बाईंचा काही दोष नाही. त्या खुर्चीवर बसून निवृत्त झालेल्या कुणालाच असा अर्ज आला नसेल. कायदा जिवंत आहे, परवाना देणारा हात मात्र कुणाला दिसलेला नाही.

घरी आलो तर भाचा आलेला. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही, कारण परवान्याची सीमा म्हणजे काय ते मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्याच्याकडून जास्त कळलं.

भाचा निजामाबादला बियाण्याच्या दुकानात कामाला आहे, आणि त्याला त्याच फँटसी क्रिकेटचा नाद होता. रोज सकाळी धर्माबादहून गाडीनं जातो, संध्याकाळी येतो. पुढचं स्टेशन बासर, सरस्वतीचं देऊळ आहे ते. देऊळ तेलंगणात, आम्ही महाराष्ट्रात. आमच्याकडची बरीच माणसं तेलुगू बोलतात, पोरं अक्षर गिरवायला बासरला नेतात, मिरचीच्या पोत्यांना सीमा माहीत नसते. पण मोबाइलला माहीत असते. तेलंगणानं २०१७ साली आपल्या जुगार कायद्यात दुरुस्ती करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्याचं ते निमित्तही चालू ठेवलं नाही. आंध्रानं २०२० मध्ये तेच केलं. त्यामुळे ॲपवाले तुम्ही कुठे उभे आहात ते बघायचे. धर्माबादच्या फलाटावर भाचा अभ्यासू खेळाडू, बासरच्या फलाटावर त्याच फोनसकट, त्याच डोक्यासकट बेकायदेशीर.

आयपीएलचा सामना साडेसातला. नाणेफेक सातला, तेव्हाच कळतं अकरा कोण खेळणार. बावीस जणांतून अकरा निवडायचे, शंभर क्रेडिटमध्ये बसवायचे, कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. सगळा खेळ त्या अर्ध्या तासाचा, कारण बाहेर बसलेला खेळाडू तुमच्या टीममध्ये असला तर त्याचे शून्य. आणि त्या अर्ध्या तासात माझा भाचा निजामाबादहून परतीच्या गाडीत. गाडी वेळेवर असेल तर सव्वासातला महाराष्ट्रात शिरायची, नेट धरायचं, पैसे भरून टीम लागायची. गाडी बासरला अडकली की संपलं. "मामा, ड्रायव्हरवर पण स्किल लागतंय," असं तो म्हणायचा. कोर्टात हे कुणी मांडलं नाही. सकाळी निघायच्या आधी अंदाजानं लावलेली टीम आणि सात वाजून दहाला घरी सोफ्यावर बसून लावलेली टीम, एकाच स्पर्धेत, एकाच बक्षिसासाठी. अभ्यास सारखा असेल, पण एकाच्या हातात यादी आहे आणि दुसऱ्याच्या हातात गाडीचा दांडा.

बाकी राज्यांची तऱ्हा आणखी निराळी. नागालँडनं २०१६ मध्ये उलटा रस्ता धरला. कौशल्याच्या ऑनलाइन खेळांची यादीच कायद्याला जोडली, बुद्धिबळ, सुडोकू, रमी, पोकर, फँटसी लीग, आणि त्यांना परवाने देऊ केले. सिक्कीमनं २००८ साली ऑनलाइन खेळांना परवाने द्यायचा कायदा केला, नंतर म्हटलं हे आमच्या राज्याच्या हद्दीतल्या इंट्रानेटवरच चालवा. तामिळनाडूत वस्तूच्या खरेदीला जोडलेल्या बक्षीस योजनांवर १९७९ पासून बंदी आहे. बिस्किटाच्या पुड्यावरच्या 'योजना तामिळनाडूत लागू नाही' या बारीक ओळीचं मूळ तिथे. लहानपणी मला वाटायचं, तामिळ लोकांवर या कंपन्यांचा काय राग आहे.

आणि आपला महाराष्ट्र? स्वतः १९६९ पासून लॉटरी चालवतो. १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण आणि कराचा कायदा विधिमंडळात मंजूर केला, पण तो कधी अमलातच आणला नाही, आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं कायदा कपाटात. शेजारी गोव्यात त्याच साली झालेल्या तिथल्या जुगार कायद्याला पुढे दुरुस्त्या करत करत मांडवीत जहाजं तरंगायला लागली. पणजीला सहलीला गेलेले आमचे लोक त्या दिव्यांसमोर फोटो काढून घेतात आणि घरी येऊन पत्त्यांच्या क्लबवरच्या धाडीची बातमी चवीनं वाचतात.

भाच्यानं दीड वर्षात २२,००० रुपये घालवले. त्याच्या वहीत लिहिलेले आहेत, पोरगं हिशोबी. कुठल्या ॲपवर ते इथे लिहीत नाही. एकदाच ३,४०० लागले होते, त्यातले तीस टक्के कर कापून गेले असा त्याचा समज. तसं नसतं, तो कर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर असतो, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून भरलेल्या सगळ्या पैशांवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागू झाला तो वेगळा. कौटिल्याचे शेकडा पाच आठवले की बिचाऱ्यावर दया येते. मी त्याला बाबांच्या पावत्या दाखवल्या. त्यानं चौसष्टच्या चौसष्ट मोजल्या. मग म्हणाला, "आम्ही पण एका मॅचला वेगवेगळ्या टीम लावतो मामा. कॅप्टन बदलून बदलून."

मी काही बोललो नाही. मी मघापासून त्याला हेच सांगायला बघत होतो आणि ते त्यानंच सांगितलं.

त्यानंतर २०२५ चा ऑगस्ट आला. ऑनलाइन खेळांवरचं विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद, कौशल्याचे असोत वा नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं किंवा पन्नास लाख किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. १९५७ पासून इतक्या न्यायाधीशांनी घासून घासून तासलेली कौशल्य-नशीब ही रेघ तीन दिवसांत पुसली गेली. ड्रीम११ नं पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, आणि तेच प्रायोजक असलेला भारतीय संघ आशिया चषकात छातीवर प्रायोजकाचं नाव न घेता उतरला. या कायद्यालाही कोर्टात आव्हान आहेच.

माझं मत विचाराल तर मला ती रेघ आवडायची. कोडं करणाऱ्याला ती आवडणारच, आमचा सगळा अहंकार तिच्यावर उभा आहे. पण ती नेहमी चुकीच्या माणसाला तपासायची. कोर्टं विचारायची, खेळणाऱ्याला कौशल्य लागतं का? माझ्या धंद्यातल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, आधी खेळ मांडणाऱ्याला बघा. त्याच चौकटीत, त्याच शब्दांनी मी तुम्हाला डोकं चालवायला लावणारं कोडं देऊ शकतो आणि धन-मनवालंही देऊ शकतो. बाहेरून फरक दिसत नाही. मला कुठल्या घरातून दुसरा शब्द न्यायचा आणि कुठल्या घरातून नाही, एवढंच ठरवायचं असतं. परवाना द्यायचाच असेल तर तो देणाऱ्यानं आधी चौकट बघावी, नुसता अर्ज नको.

वकिलानं दुसरा बाँब मात्र माझ्या दुकानातच टाकला. कोपऱ्यात कूपन बुकांचे गठ्ठे होते, एका मंडळाची भाग्यवान सोडत. वीस रुपयांचं कूपन, पहिलं बक्षीस फ्रिज, दुसरं सायकल. नंबरिंग मशीन टकटक चालू होतं. तो म्हणाला, "ही लॉटरी आहे. लॉटरी फक्त राज्य सरकारनं किंवा त्याच्या परवानगीनं काढायची. बाकी कुणी अशी सोडत जाहीर केली, छापून प्रसिद्ध केली, तर न्याय संहितेत कलम २९७, दंड पाच हजारांपर्यंत."

"छापणाऱ्याला?"

"प्रसिद्ध करणाऱ्याला. तू कोण, ते तू ठरव."

मी नंबरिंग मशीनकडे बघितलं. बत्तीस वर्षांत मी किती फ्रिज, किती सायकली, किती चांदीचे गणपती छापले असतील? वर्गणीला कंटाळलेल्या गावात कूपनावर मंडपाचा निम्मा खर्च निघतो, हे मला माहीत आहे. सोडतीला पोलीसपाटलापासून सगळे पहिल्या रांगेत असतात. ते गठ्ठे मी पुरे करून दिले, ॲडव्हान्स घेतला होता. यंदाच्या गणपतीत एका मंडळाला मात्र नाही म्हटलं. ते हसत हसत नांदेडहून छापून आणले.

तर वाचनालयाचं कोडं. समितीत परत बैठक झाली. फी काढून टाकली. वकिलाचं म्हणणं, पैसे घेतलेच नाहीत तर जुगाराचा मुद्दाच मोडतो, कारण जुगाराला पणाला काहीतरी लावावं लागतं. १९५५ च्या कायद्याच्या व्याख्येत फीचा शब्द नाही असं मी दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "आता तू मला शिकव." मग रोख बक्षीसही काढलं. तीन पुस्तकं ठेवली, मिळून नऊशे रुपयांची, म्हणजे हजाराच्या आत. प्रवेशिका दोन हजारांवर जाण्याची भीती आमच्या गावात नव्हती.

उत्तर पाकिटात घातलं, लाख लावली, वाचनालयाच्या कपाटात तिघांच्या सह्यांनी ठेवलं. हा माझा आग्रह. बाबांच्या कापलेल्या कोड्यांवर खाली बारीक इंग्रजीत असायचं की मोहोरबंद उत्तराशी जुळेल तेच बरोबर. निदान मोहोर सगळ्यांनी बघावी. आणि कोडं करताना शपथ घेतली होती, एकाही क्लूला दोन उत्तरं नकोत. आठवडाभर घासलं. बायको म्हणाली, मुलीच्या लग्नपत्रिकेला एवढं घासलं नव्हतं.

त्रेसष्ट प्रवेशिका आल्या. पाकीट फोडलं. सगळं बरोबर असलेला एक निघाला, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. एकाच जागी चुकलेले तिघे. तिघांची चूक एकच. उभा नऊ, 'शेतकऱ्याचा जीव जिच्यात अडकलेला.' दोन अक्षरी. माझ्या पाकिटात होतं 'माती'. त्या तिघांनी लिहिलं होतं 'शेती'.

पहिल्या घराकडे बघितलं. त्यातून एकही आडवा शब्द जात नव्हता. शेवटच्या दिवशी एक काळं घर हलवलं होतं, तेव्हा सुटलं.

तिघांतल्या एक बाई आमच्याच कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या उठून म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा जीव मातीत अडकलेला नव्हता हो. शेतीत होता. सातबाऱ्यात होता." लोक हसले. मी चष्मा पुसला. वकिलानं खिशातून अर्ज काढला, उलटा-सुलटा केला आणि तळाची ओळ मोठ्यानं वाचली, "संयोजकांचा निर्णय अंतिम राहील." ती ओळ कुणी घालायला सांगितली नव्हती. बत्तीस वर्षं प्रत्येक स्पर्धेच्या अर्जाखाली घालतो, तशी हातासरशी टाईप केली होती.

चौघांना बक्षीस दिलं. पुस्तकं तीनच होती. चौथं माझ्या कपाटातून गेलं, आणि ते कोरं नव्हतं म्हणून बाईंनी दोनदा विचारून घेतलं की नक्की देताय ना.